पर्वतीच्या लढाईचे एकमेव जाणकार

“मोडी? द्या इकडे!” असं पुष्कर आगाशे म्हणाला आणि पुढचे सहा आठवडे जे काही घडलं ते या तीन शब्दांमुळे घडलं.

पुष्कर नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहतो. चिप बनवणारी यंत्रं जिथे बनतात त्या कंपनीत तो इंजिनिअर आहे आणि कामात हुशार आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तसं वाटणार नाही. ऑफिसात एखादं माप मिलिमीटरच्या लाखाव्या भागाने चुकलं तरी त्याला जेवण जात नाही. घरी आल्यावर मात्र हा काटेकोरपणा तो सायकलीबरोबर शेडमध्ये कुलूप लावून ठेवतो. कुणी काहीही विचारलं तरी ‘मला माहीत नाही’ एवढे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. एकदा एका वयस्कर जोडप्याने त्याला रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारला. फेल्डहोवनला रेल्वे स्टेशनच नाही! पुष्करने तरीही दोन सिग्नल, एक बेकरी आणि एक डावं वळण सांगून त्यांना मार्गी लावलं. ते बहुधा बेल्जियमला पोचले असावेत.

शेजारच्या घरात रिया राहतात. नाव कॉलेजातल्या मुलीचं, वय एकोणऐंशी. पुष्करची बायको प्रांजली त्यांना रियाबाई म्हणते, त्यामुळे आपणही तेच म्हणू. चाळीस वर्षं ग्रंथपाल म्हणून नोकरी केलेली, पाठ ताठ, चष्मा गळ्यात दोरीला. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्यांनी पुष्करला कॉफीला बोलावलं आणि टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. डच माणसाने बोलावल्यावर डब्यातून एकच बिस्किट मिळतं हे पुष्करला ठाऊक होतं, म्हणून त्याने अदबीने हात पुढे केला. डब्यात बिस्किटं नव्हती. डब्यात पणजोबा होते.

म्हणजे पणजोबांचं जे काही उरलं होतं ते. एक फोटो, एक पितळी बटण आणि घडीवर फाटलेला एक पिवळा कागद.

“विलेम,” रियाबाई म्हणाल्या. “चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचे. अठराशे सत्त्याऐंशी साली बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलाला गावी ठेवून तुमच्या पुण्याला गेले. तिथल्या एका चर्चमध्ये ऑर्गन बसवायचा होता. सहा महिन्यांचं काम.”

“मग?”

“अजून आलेले नाहीत.”

पुण्यात तेव्हा हौशी गोऱ्यांची एक पायदळ पलटण होती. आठवडाभर आपापली दुकानं नि कचेऱ्या सांभाळायच्या आणि सुटीच्या दिवशी खांद्यावर बंदूक टाकून कवायत करायची. विलेम त्या पलटणीत स्वयंसेवक म्हणून भरती झाले. दीड वर्षाने हे तीन जिन्नस पोस्टाने घरी आले आणि त्यानंतर काहीच आलं नाही. रियाबाईंच्या थोरल्या भावाचं मत होतं की पणजोबा पळपुटे होते, बायकोमुलाला टाकून मजेत राहिले. रियाबाईंना लहानपणापासून वाटायचं की ते कुठल्या तरी लढाईत पडले असणार. या एका मुद्द्यावर बहीणभावांचं साठ वर्षं वाजत होतं. आता भाऊ चौऱ्याऐंशीचा झाला होता, त्यामुळे निकाल लवकर लागणं जरूर होतं.

“इंग्लंडमधल्या पलटणींच्या कागदांत त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर सापडलं,” त्या म्हणाल्या. “पण हा कागद कुणालाच वाचता येत नाही. लायडनच्या विद्यापीठातल्या एका बाईंनी सांगितलं की ही मोडी आहे, मराठीची जुनी लिपी. तुम्ही पुण्याचे ना?”

तेव्हा पुष्कर ते तीन शब्द बोलला.

त्याचा मोडीशी संबंध एवढाच, की त्याचे आजोबा मोडी वाचायचे तेव्हा तो शेजारी बसून शेंगदाणे खायचा. त्याने कागद उजेडात धरला. वर एक लांबलचक रेघ होती आणि तिच्यावर कुणीतरी शेवया वाळत घातल्यासारखी अक्षरं लोंबत होती. फोटो काढतो, कुणाला तरी विचारून सांगतो, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. तो तेच म्हणणार होता. पण रियाबाईंनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि त्याच्यासमोर सफरचंदाच्या केकचा असा तुकडा ठेवला की तो एका माणसाचा नव्हताच. वर क्रीम.

“साधारण काय आहे तेवढं तरी सांगा,” त्या म्हणाल्या.

“साधारण... शौर्याचा दाखला दिसतोय,” पुष्कर म्हणाला.

रियाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचे डोळे भरून आले होते. परत फिरायला पुष्करला एवढीच जागा होती आणि तिथे आता रियाबाई रडत होत्या.

“कुठली लढाई?”

“पर्वती,” पुष्कर म्हणाला. पुण्यातलं पहिलं नाव तेच सुचलं.

“कशी जागा आहे?”

“टेकडी. वर जायला पायऱ्या. एकशे तीन.”

पुढे छापून आलेल्या सबंध इतिहासात हा एकच आकडा खरा होता.

“शत्रू कोण?”

पुष्करने केकचा घास घेतला. पर्वतीवर उभं राहिल्यावर पलीकडे काय काय दिसतं ते त्याने आठवून पाहिलं.

“कोथरूडचे लोक.”

“कोथरूड म्हणजे वेगळं राज्य होतं?”

“त्यांची समजूत तशीच आहे.”

“त्यांचा सेनापती?”

“सदाशिव... पेठे.”

“आणि आपल्या बाजूचा?”

“नारायण पेठे. चुलतभाऊच. भाऊबंदकी होती.”

रियाबाई शाळकरी मुलीसारख्या मान खाली घालून लिहीत होत्या. “आणि विलेमने काय केलं?”

“सगळ्यांच्या आधी वर पोचले,” पुष्कर म्हणाला आणि केक संपवला.

घरी येऊन त्याने प्रांजलीला हे सगळं सांगितलं. प्रांजली कणीक मळत होती. तिचे हात परातीतच राहिले.

“तू काय सांगितलंस?”

“अगं, म्हातारीला इतका आनंद झाला...”

“पुष्कर, ती बाई ग्रंथपाल होती! ती लिहून ठेवते! वर्गवारी करते!”

“मी खरं काय ते शोधतो आणि हळूच दुरुस्ती करतो.”

शोधकार्य म्हणून त्याने कागदाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं ते सूर्योदयाचं चित्र आणि सुप्रभात. दुसऱ्याने विचारलं की हा जमिनीचा कागद असेल तर वकील बघून देऊ का. तिसरा विनय. त्याला थोडी मोडी येत होती, पण तेवढ्यात तो ट्रेकला निघाला होता. “एकच शब्द लागतोय,” त्याने लिहिलं. “‘कुरूप’. बाकीचं आल्यावर बघतो.”

“म्हणजे साहेब दिसायला वाईट होता असं लिहिलंय?” प्रांजलीने विचारलं.

दोघांनी मोबाइलवरचा विलेमचा फोटो मोठा करून पाहिला. एवढ्यासाठी दाखल्याची गरज नव्हती. विनय ट्रेकहून परतला तो सगळं विसरूनच.

दुरुस्ती हळूच करायची होती, पण रियाबाई हळू नव्हत्या. त्यांचं माहेरचं गाव तिथून सायकलीवर वीस मिनिटांवर. तिथे एक हेमकुंदेक्रिंग आहे. हे ऐकून पुष्करला आधी वाटलं की शिखांचं काहीतरी असेल. पण डच भाषेत त्याचा अर्थ गावाचा इतिहास जपणारी मंडळी. सगळे सत्तरीपुढचे, हातात वेळ भरपूर, आणि गावात गेल्या तीनशे वर्षांत घडलेलं काहीच नाही. त्यांच्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर विलेम छापून आले. वर मथळा: ‘पर्वतीचा वीर’. आत जनरल सदाशिव पेठे यांच्या कोथरूडच्या फौजेचं वर्णन, नकाशासकट! नकाशा रियाबाईंनी स्वतः काढला होता आणि मजकुराच्या शेवटी ‘या विषयाचे एकमेव जाणकार श्री. आगाशे’ यांचे आभार होते. तिथून ती बातमी स्थानिक साप्ताहिकाने उचलली.

दुसऱ्या दिवशी रणजितचा फोन आला. रणजित त्याच कंपनीत, दोन मजले वर.

“पुष्कर, मी कोथरूडचा आहे.”

“माहीत आहे रे.”

“माझ्या टीममधल्या डच माणसाने मला पेपर दाखवला. आम्ही पर्वतीवर चाल करून आलो होतो?”

“जुनी गोष्ट आहे.”

“जुन्या काळी कोथरूडला शेतं होती! चाल कुणी केली? बैलांनी?”

“रणजित, हे बघ, जरा गैरसमज...”

“ते राहू दे. आम्ही हरलो कसे ते सांग.”

“काय?”

“एकशे तीनच तर पायऱ्या! हरलो कसे?” रणजितचा आवाज खरोखर दुखावलेला होता. “रविवारी आम्ही सगळे येतोय. बारा कुटुंबं. आम्हालाही कळू दे.”

“कसला रविवार?”

तो रविवार कसला हे सगळ्या दक्षिण नेदरलँड्सला ठाऊक होतं. फक्त पुष्करला नव्हतं. रियाबाईंनी संध्याकाळी कुंपणावरून सांगितलं. विलेमच्या स्मरणार्थ सोहळा ठरला होता. गावचं गिल्ड मानवंदना देणार होतं. हे गिल्ड म्हणजे गावाच्या रक्षणासाठी पाचशे वर्षांपूर्वी काढलेली स्वयंसेवकांची तुकडी. रक्षण कधी करावं लागलं नाही, पण हिरवे कोट, पिसांच्या टोप्या, ढोल आणि निशाणं अजून आहेत. त्यांचे प्रमुख तोन, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त खाटीक, ढोल वाजवणार. गावात टेकडी नाही, देशातच फारशा नाहीत, म्हणून चर्चच्या मनोऱ्याच्या एकशे तीन पायऱ्या सगळ्यांनी चढायच्या. मग खाली येऊन मूळ कागद मूळ भाषेत वाचून दाखवायचा.

“कोण वाचणार?” पुष्करने विचारलं.

रियाबाई हसल्या. गालाला एकाच बाजूला खळी पडायची त्यांच्या.

संकट इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सोहळ्याच्या आठ दिवस आधी पुष्करच्या सासूबाई, वृंदाताई, तीन महिन्यांसाठी आल्या. सामान काढता काढता त्या सहज म्हणाल्या, “पुष्करराव, वेळ जावा म्हणून वाचायला थोडी मोडीची कागदपत्रं आणली आहेत.”

पुष्करच्या हातून भडंगाची पिशवी सुटली.

“आई, तुम्हाला मोडी येते?”

“निवृत्त झाल्यावर वर्गाला जात होते ना! परीक्षेत पहिली आले. तुम्हा दोघांना सांगायचं राहूनच गेलं.”

प्रांजलीने आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि भडंग गोळा करायला खाली वाकली. ती बराच वेळ खालीच होती. तिचे खांदे हलत होते.

“सांगून टाक,” ती रात्रीच्या जेवणाआधी म्हणाली. “रियाबाईंना आजच्या आज सांग. आईकडून खरं वाचून घे.”

हे अगदी बरोबर होतं, म्हणून पुष्करने वेगळं काहीतरी केलं. त्याने ठरवलं की सोहळा होईपर्यंत या दोघींची गाठ पडू द्यायची नाही. तो रियाबाईंना म्हणाला, “माझ्या सासूबाई आल्यात, पण त्यांचं मौनव्रत आहे. सोमवारपर्यंत एक शब्दही बोलत नाहीत.” आणि सासूबाईंना म्हणाला, “शेजारच्या बाईंना ऐकू येत नाही. उगाच त्रास देऊ नका.”

या योजनेत एकच दोष होता. सासूबाई सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना मोठ्याने स्तोत्र म्हणायच्या. ते ऐकून रियाबाई कुंपणापाशी आल्या.

“मौनात हे चालतं?” त्यांनी पुष्करला हलक्या आवाजात विचारलं.

“देवाशी बोललेलं धरत नाहीत,” पुष्कर म्हणाला.

मग वृंदाताईंनी रियाबाईंना पाहिलं आणि ऐकू येत नाही हे लक्षात ठेवून, त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन इंग्रजीत ओरडल्या, “गुड मॉर्निंग!”

रियाबाई दोन पावलं मागे सरल्या. “हे कुणाशी?”

“व्रत अवघड आहे,” पुष्कर म्हणाला. “कधी कधी सुटतं.”

आठ दिवस असे गेले. पुष्करचं वजन दोन किलोंनी उतरलं.

रविवार उजाडला. मे महिना, ऊन स्वच्छ. चर्चपुढच्या मैदानात शे-दीडशे माणसं, खुर्च्यांच्या रांगा, पहिल्या रांगेत रियाबाईंचा थोरला भाऊ हातात काठी घेऊन बसलेला, चेहरा दगडी. मागे बारा मराठी कुटुंबं. रणजितने कोथरूडकर म्हणून डोक्याला फेटा बांधला होता. हरलेल्या बाजूनेही मान राखूनच यावं, असं त्याचं म्हणणं पडलं.

मनोऱ्याचा जिना गोल, दगडी आणि एका माणसापुरता रुंद. पुढे रियाबाई, मागे पुष्कर, त्याच्या मागे ढोल घेऊन तोन आणि त्यांच्या मागे गिल्डचे अकरा हिरवे कोट. वृंदाताई आणि प्रांजली खाली थांबल्या. मनोऱ्याला एकशे छत्तीस पायऱ्या होत्या, घंटा नि गावाचा देखावा सगळा तिथे वर. एकशे तिसऱ्या पायरीवर काहीही नव्हतं. अंधार होता आणि भिंत होती. रियाबाई मोजत मोजत तिथे थांबल्या, म्हणून सगळे थांबले.

“इथेच ना?” त्यांनी विचारलं. त्यांना धाप लागली होती, पण आवाजात आनंद मावत नव्हता.

त्याच क्षणी खालून कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि तोनने गावठी डचमध्ये एक शब्द उच्चारला. ढोल जिन्यात अडकला होता. पुढे सरकेना, मागे हटेना. अकरा माणसं खालून ढकलायला लागली, तेव्हा तो आणखी घट्ट बसला.

“पाच मिनिटं लागतील!” तोन ओरडले.

पुष्कर आणि रियाबाई अंधारात उभे राहिले. वर जायचं नव्हतं, खाली जाता येत नव्हतं.

“मला नेहमी वाटायचं,” रियाबाई हळूच म्हणाल्या, “की ते आम्हाला विसरले नसतील. विसरणारा माणूस एवढा धीट कसा असेल? तुम्ही मला हे दिलंत. भावाने काल फोन केला. म्हणाला, कदाचित माझं चुकलं असेल. साठ वर्षांत पहिल्यांदा.”

पुष्करने कोट्यवधी किमतीची यंत्रं बंद पडलेली पाहिली होती. तेव्हाही इतका घाम आला नव्हता.

“रियाबाई, मला मोडी येत नाही.”

खाली ढोल करकरला.

“म्हणजे काही शब्द चुकले?”

“नाही.”

“नावं चुकली का? मला शंका होती. मी कोथरूडच्या लढाईबद्दल शोधलं होतं. फक्त फ्लॅट सापडले. दोन बेडरूम, पार्किंगसह. म्हटलं, नावात थोडी गडबड झाली असेल. पण काहीतरी तर वाचलं असेलच ना तुम्ही?”

“नाही.”

“एक अक्षरही?”

“वरची रेघ ओळखली,” पुष्कर म्हणाला.

रियाबाईंनी चष्मा काढला आणि अंधारातच पुसला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुष्करला वाटलं. माणूस एकशे तिसऱ्या पायरीवर इतका लहान होऊ शकतो याची त्याला कल्पना नव्हती.

“वाचता येणारं कुणी आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“माझ्या सासूबाई. परीक्षेत पहिल्या आल्या होत्या.”

“त्यांचं मौन...”

“नाही.”

“आणि मला ऐकू येत नाही असं त्यांना कुणी सांगितलं? त्या रोज माझ्या कानात ओरडतात.”

तेवढ्यात ढोल बंदुकीच्या बारासारखा आवाज करून सुटला. खाली मैदानात लोकांना वाटलं की मानवंदना झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खाली आल्यावर रियाबाई सरळ वृंदाताईंसमोर गेल्या आणि प्लास्टिकच्या पाकिटातला कागद त्यांच्या हातात ठेवला. “मला उत्तम ऐकू येतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “कृपा करून वाचा. जे असेल ते.”

वृंदाताईंनी जावयाकडे एकदा पाहिलं. ती नजर पुष्करला अजून कधी कधी भाजी चिरताना आठवते. मग त्यांनी चष्मा चढवला, माइकसमोर उभ्या राहिल्या आणि चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या खणखणीत आवाजात वाचायला लागल्या:

“राजमान्य राजेश्री पलटणीचे कपतानसाहेब यांस विनंती विशेष. विलेमसाहेब पेटीवाले यांचे उजवे पायास दोन व डावे पायास तीन ऐसी कुरुपे जाहली आहेत...”

मागे बारा मराठी कुटुंबांत कुणीतरी खोकलं. रणजितने फेटा सारखा केला.

“...कवाइतीस उभे राहतात, परंतु चालवत नाही. बिब्बा लावून बांधिले आहे. तरी पंधरा रोज चालणे माफ असावे. साहेब स्वभावे गरीब. दुखो लागले म्हणजे रडत नाहीत, परंतु यान यान ऐसे म्हणतात व घरी पायी जातो म्हणतात. समजूत घालावी. कळावे. लिहिणार, वैद्य.”

वृंदाताई थांबल्या. “यान यान हे काय ते लागत नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “वाहन हवं असं म्हणत असतील. किंवा वैद्याला यातना लिहायचं असेल.”

“यान,” रियाबाई म्हणाल्या. “यान माझे आजोबा. ते मागे ठेवून गेले तो मुलगा.”

मग त्यांनी माइक घेतला आणि सगळं डचमध्ये सांगितलं. लढाई झाली नव्हती. सदाशिव पेठे नव्हते. हा आजारपणाचा दाखला होता. विलेमला पायाला पाच कुरुपं झाली होती, चालता येत नव्हतं, आणि तरी ते घरी चालत निघायच्या गोष्टी करत होते. पहिल्या रांगेतल्या भावाने काठी खुर्चीला टेकवली, खिशातून मोठा रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. त्याचा आवाज मैदानभर गेला.

पुष्कर खाली मान घालून उभा होता. आता कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवणार होतं. अपेक्षेप्रमाणे एक हात वर झाला. तोन.

“एक विचारायचं आहे,” तोन म्हणाले. “त्या वैद्याने कुरुपाला लावलं काय?”

गिल्डच्या बाराही जणांनी माना पुढे काढल्या होत्या. बारा म्हातारे, बारा जोड जड बूट, आणि वर्षाला कित्येक मिरवणुका! पर्वतीची लढाई कुणाच्या डोक्यातही उरली नव्हती.

“बिब्बा,” वृंदाताई म्हणाल्या. “माझ्या बॅगेत आहे.”

सासूबाईंनी नीट बजावून दिलं होतं की सुईच्या टोकाएवढा लावायचा आणि फक्त कुरुपावर. पण ही सूचना मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून डचमध्ये आणि डचमधून त्या गावच्या बोलीत जाईपर्यंत तिच्यातली सुई कुठेतरी पडली. गिल्डमधल्या तिघांनी बिब्बा तळपायभर चोपडला. बुधवारी तिघेही डॉक्टरकडे. पायांना टपोरे फोड! डॉक्टरने आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. त्याने पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं आणि तिघांना महिनाभर चालायला मनाई केली.

शनिवारी दारावरची बेल वाजली. बाहेर रियाबाई आणि तोन उभे होते. तोनच्या हातात हिरवा कोट.

“जूनच्या पहिल्या रविवारी आमची मोठी मिरवणूक आहे,” तोन म्हणाले. “नऊ किलोमीटर. मला तीन माणसं कमी आहेत.”

“रणजित एक,” रियाबाई म्हणाल्या. “तो आपण होऊन आला. म्हणाला, एकदा तरी जिंकायचंय. तोनचा पुतण्या दुसरा.”

पुष्करने कोटाकडे पाहिलं. कोट त्याच्याच मापाचा दिसत होता. “मला... म्हणजे आवडलं असतं,” तो म्हणाला, “पण ढोल वाजवायला मला...”

“येतो का?” रियाबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

पुष्करने तोंड उघडलं. आतून प्रांजली बघत होती. त्याने मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर म्हणाला, “नाही. मला ढोल येत नाही.”

“छान,” रियाबाई म्हणाल्या. गालावर खळी पडली. “तोन शिकवतील. दर मंगळवारी आणि गुरुवारी. इथे सही करा.”

त्यांनी गिल्डच्या भरतीचा अर्ज पुढे केला. नाव, पत्ता, बुटाचं माप. शेवटी एक रिकामा चौकोन आणि त्यापुढे डचमध्ये एक ओळ. पुष्करने वाचायचा प्रयत्न केला. मग त्याने वाचायचा प्रयत्न सोडला आणि विचारलं, “इथे काय लिहिलंय?”

“मी कुणाच्याही दबावाखाली नसून स्वखुशीने भरती होत आहे,” रियाबाईंनी वाचून दाखवलं.

पुष्करने चौकोनात खूण केली. सासूबाई मागेच उभ्या होत्या.